हळद, हॅम्बुर्ग आणि मोंढा

मार्च, मंगळवार, रात्री

आज इंटरनॅशनल मार्केटिंगच्या वर्गात थिओडोर लेविट या अमेरिकी प्राध्यापकावरून जुंपली. त्याचा 1983 चा लेख; जगभरची माणसं हळूहळू सारखंच मागायला लागलीत, तेव्हा एकच माल एकाच पद्धतीनं सगळीकडं विका, असं सांगणारा. त्याला खोडून काढायला नेहमीचे गडी मैदानात उतरले. 1994 ला आलेले केलॉग्जचे कॉर्नफ्लेक्स आणि त्यांना आडवं आलेलं आपलं गरम दूध, बीफ बाजूला ठेवून आलू टिक्की विकणारं मॅकडॉनल्ड्स. ही उदाहरणं आता झोपेतसुद्धा सांगता येतील. स्टँडर्डायझेशन (सगळीकडं माल सारखाच ठेवायचा) की अ‍ॅडाप्टेशन (तिथल्या गिऱ्हाइकाप्रमाणं बदलायचा) यावर तास संपला. मला मात्र राहून राहून एकच खटकत होतं. यात विकणारी कायम कुठली तरी मोठी कंपनी, आणि आपण कायम गिऱ्हाईक. हिंगोलीकडच्या आमच्या वसमतचा हळद लावणारा माणूस या पुस्तकात कुठल्या पानावर बसतो?

सेमिस्टरच्या प्रोजेक्टला एक वस्तू आणि एक देश निवडायचा आहे. पैठणी आणि दुबई ही जोडी निम्म्या वर्गानं उचलली. एकानं केशर आंबा लंडनला धाडलाय. मी हळद आणि जर्मनी लिहून दिलं.

संध्याकाळी दादांना फोन लावला. घरी हळद शिजवायचं चाललंय, मागं कुकरच्या वाफेचा आवाज येत होता. जर्मनीचं सांगितलं तर त्यांनी पहिलाच प्रश्न टाकला, "माय, तिकडं किलोला काय भाव पडतो?"

"कांडीला का पावडरीला?" मी विचारलं.

"तेच म्हणायलो. आमची कांडी. ती पावडर झाली की आमची ऱ्हाती का?"

लेविटच्या तासाला हा प्रश्न कुणी विचारला नाही. पुस्तक सुरू होतं ते कुठल्या देशात शिरायचं, कसं शिरायचं, निर्यात करायची की परवाना द्यायचा की भागीदारीत कारखाना टाकायचा, इथून. आमच्या भागाचा माल तर आधीच बाहेर जातोय. जगातली बहुतेक हळद भारतात पिकते आणि मराठवाड्यात हिंगोली, नांदेड, परभणीकडं तिचं मोठं क्षेत्र आहे. जाताना नाव तेवढं मागं राहतं. पूर्वी इकडच्या गाड्या सांगलीला जायच्या आणि तिथून पुढं ती सांगलीची हळद व्हायची. सांगलीच्या हळदीला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्याच्या दोन वर्षं आधी वर्ध्याकडच्या वायगावला. आता वसमतच्या हळदीलाही मिळालंय. पण मानांकन मिळालं म्हणून पोत्यावर आपोआप नाव चढत नाही. शेतकऱ्याला अधिकृत वापरकर्ता म्हणून स्वतंत्र नोंदणी करावी लागते, आणि नोंदणी करूनही माल गोदामात चार गावांच्या ढिगात मिसळला की सगळं मुसळ केरात.

मग इन्कोटर्म्स काढून बसले, म्हणजे परदेशी व्यापारात कुठवरचा खर्च आणि जोखीम कुणाची हे ठरवणारे नियम. 2020 च्या आवृत्तीत अकरा नियम आहेत. ईएक्सडब्ल्यू म्हणजे घेणाऱ्यानं विकणाऱ्याच्या दारातून माल उचलायचा. एफओबी म्हणजे न्हावाशेव्याला जहाजावर चढेपर्यंतचा खर्च आणि जोखीम विकणाऱ्याची. सीआयएफमध्ये हॅम्बुर्गपर्यंतचं भाडं आणि विमा विकणारा भरतो, जोखीम मात्र इकडं जहाजावर माल चढला की घेणाऱ्याची होते. परीक्षेत पोरं आडवी होतात ती इथंच. कंटेनरचा माल असेल तर एफओबीऐवजी एफसीए (माल वाहतूकदाराच्या ताब्यात दिला की जोखीम घेणाऱ्याची) वापरा असं नियम सुचवतात, कारण कंटेनर आधीच टर्मिनलवर सोपवलेला असतो. बाजारात तरी सगळे एफओबीच बोलतात.

दादांचा व्यवहार या अकरात कुठंच नाही. तो त्याच्याही अलीकडं, मोंढ्यात म्हणजे शेतमालाच्या बाजारात संपतो. टेम्पो उतरल्यापासून लिलाव होईपर्यंत अवकाळी आला तर भिजते ती दादांची हळद. खरेदीदार येतो, ढिगात हात घालतो, एक कांडी उचलून मोडतो. नीट वाळलेली असेल तर टणकन आवाज येतो. मग तुटलेल्या तोंडाचा रंग उजेडाकडं धरून बघतो, काही न बोलता कांडी परत ढिगावर टाकतो आणि पुढं सरकतो. गट्टूचा, म्हणजे गोल गड्ड्यांचा ढीग वेगळा, त्याचा भाव वेगळा. सगळी गुणवत्ता तपासणी तेवढ्यात आटोपते.

देशोदेशींच्या संस्कृतींची तुलना करणाऱ्या हॉफस्टेडच्या आकड्यांत भारताचा पॉवर डिस्टन्स, म्हणजे वरच्या-खालच्यातलं अंतर मुकाट मान्य करण्याचं माप, 77 आहे. आयबीएमच्या नोकरदारांना 1967 ते 1973 च्या दरम्यान विचारलेल्या प्रश्नांवरून त्यानं ही गणितं मांडली. मोंढ्याशी त्यांचा काय संबंध, असं मी आधी म्हणायची. पण आडत्याच्या गादीसमोर दादा कधी बसलेले मी पाहिले नाहीत. पट्टी (विक्रीच्या हिशोबाची चिठ्ठी) हातात येईपर्यंत उभेच. आकडा नोकरदारांचा असेल, पण आमच्याकडंही तो फार चुकत नाही. ज्याच्याकडून आपलेच पैसे यायचे त्या माणसासमोर उभं राहायचं, याचा मला राग येतो.

प्रोजेक्टमध्ये आता मी गिऱ्हाईक बदलते आहे. जर्मनीतली सुपरमार्केटात पिशवी उचलणारी बाई पहिल्या मसुद्यात होती, ती काढली. आमच्या कांडीचं खरं गिऱ्हाईक म्हणजे तिथला आयातदार, मसाला दळणारा, नाहीतर कर्क्युमिन, म्हणजे हळदीला पिवळा रंग देणारा घटक, काढणारा. त्याला हळदीकुंकवाची गोष्ट ऐकायची नसते, कर्क्युमिनची टक्केवारी आणि कीटकनाशकाच्या अंशाचा अहवाल हवा असतो. एखाद्या रसायनासाठी वेगळी मर्यादा ठरलेली नसेल तर युरोपियन युनियन सरसकट किलोमागं 0.01 मिलिग्रॅम धरतं. अ‍ॅडाप्टेशन म्हणायचं तर आमचं ते हे. वेष्टनाचा रंग बदलून भागत नाही, फवारणीपासून बदलावं लागतं.

मैत्रीण म्हणाली, त्यात हळदीच्या पेटंटची केस टाक, मार्क मिळतील. 1995 मध्ये अमेरिकेत जखम भरण्याच्या गुणावर पेटंट दिलं गेलं, आपल्या सीएसआयआर या सरकारी संशोधन परिषदेनं हरकत घेतली, 1997 मध्ये ते रद्द झालं. लढाई महत्त्वाचीच. पण तिनं मोंढ्यातला भाव रुपयानंही हलला नाही, म्हणून एका वाक्यात उरकणार आहे. त्यापेक्षा कागदपत्रांवर दोन पानं देईन. डीजीएफटीचा (परकीय व्यापार महासंचालनालयाचा) आयात-निर्यात कोड, 091030 हा हळदीचा एचएस कोड म्हणजे मालाच्या वर्गवारीचा क्रमांक, आणि मसाले बोर्डाची नोंदणी. वर्गात सगळे शेतमाल म्हटलं की अपेडा (शेतमाल निर्यातीचं सरकारी प्राधिकरण) म्हणतात. हळद अपेडाकडं नाही, कोचीच्या मसाले बोर्डाकडं येते.

निजायच्या आधी दादांना परत फोन केला. यंदाच्या मालातली अर्धा किलो कांडी एसटीच्या पार्सलनं पाठवा, इथं लॅबमध्ये कर्क्युमिन तपासून घेते म्हटलं. त्यांनी विचारलं, पॉलिश करून का बिनपॉलिशची? उद्या लॅबवाल्याला विचारून सांगते, मी म्हणाले.