टांझानियात काय घालायचं: निळं सोडून काहीही

सफारीला जायचं ठरलं की लोक कॅमेरा, लेन्स, दुर्बीण यावर महिना-महिना घालवतात आणि कपडे मात्र आदल्या रात्री कपाटातून हाताला लागतील ते बॅगेत कोंबतात. मी उलट करायला सांगेन. दुर्बीण गाइडकडे असतेच, पण अंगावरचा शर्ट चुकला तर समोर सिंह असताना तुम्ही पाठ खाजवत बसणार.

आम्ही फेब्रुवारीत गेलो. मुंबई-नैरोबी विमान, तिथून शटल बसने नमांगा बॉर्डर ओलांडून अरुशा, मग तरंगिरे, न्गोरोंगोरो, एन्डुटू, सेरेंगेटी आणि शेवटी झांझिबार. आम्ही दोघं, भावजी, जाऊबाई आणि सासूबाई. प्राण्यांचं वर्णन इथे करत नाही, फक्त किडे आणि कपडे.

आधी एक डोक्यातून काढा की किड्यांचं औषध मारलेला महागडा शर्ट घेतला म्हणजे काम झालं. नाही होत. आधी रंग, मग कापडाची वीण, मग सैलपणा आणि औषध सगळ्यात शेवटी. दुकानदार नेमकं उलट्या क्रमाने विकतो.

रंगाचं का ते तरंगिरेत कळतं. गोरखचिंचेची प्रचंड झाडं, हत्ती, मस्त पार्क आहे, पण झुडपांच्या भागात गाडी शिरली की त्सेत्से माश्या सुरू. घरातल्या माशीपेक्षा जरा मोठी, बसली की पंख कात्रीसारखे एकावर एक दुमडते, त्यावरून ओळखायची. भर दिवसा चावते, डासांसारखं फक्त मादी असं नाही, नर-मादी दोघंही रक्त पितात, आणि चावा म्हणजे कुणी सुई खुपसली असं वाटतं. पातळ कापडातून आरामात चावते. हाताने फटका मारला तरी मरत नाही, पडते, सावरते, परत येते. आणि हिला निळा आणि काळा रंग जाम आवडतो. रस्त्याकडेच्या झाडांना निळ्या-काळ्या कापडाचे तुकडे टांगलेले दिसतात, सासूबाईंना वाटलं कुणीतरी कपडे वाळत घातलेत, तर ते त्सेत्सेचे सापळे, कापडाला कीटकनाशक लावलेलं असतं, माशी रंगाला भुलून येते, कापडावर बसते आणि मरते.

आता विचार करा, जीन्स घातलेला माणूस म्हणजे चालताबोलता सापळाच की, फक्त औषध नसलेला.

भावजींनी नवीकोरी नेव्ही ब्लू ट्रॅक पँट आणली होती. ड्रायव्हरने सकाळी गाडीपाशीच बघितलं आणि 'हापाना, हापाना' म्हणत मान हलवली, बदलून या म्हणाला. भावजी कसले ऐकतायत, म्हणे मी रोज टेकडीवर हीच घालून जातो. दुपारपर्यंत मांडीवर आणि पोटरीवर सुपारीएवढ्या गाठी, आणि शेजारच्याच सीटवर बसलेल्या माझ्या नवऱ्याला, मातकट रंगाच्या जाड पँटमध्ये, मानेवर एक चावा तेवढा. माश्या माणसाला सोडून सीटवर ठेवलेल्या काळ्या सॅकवरही घोंगावत होत्या, त्यामुळे सॅकसुद्धा फिकट रंगाची असेल तर बरं, नाहीतर वर एखादी खाकी ओढणी टाका.

ड्रायव्हरने मग एका पत्र्याच्या डब्यात हत्तीची वाळलेली लीद पेटवली आणि डबा गाडीच्या मागे ठेवला. ज्वाळा नाही, नुसता धूर, शेणी पेटवल्यावर येतो तसाच वास, सासूबाई तर म्हणाल्या गावाला आल्यासारखं वाटतंय. माश्या बऱ्यापैकी कमी झाल्या. पण डोळे चुरचुरतात, दम्याचा त्रास असेल तर ड्रायव्हरला आधीच सांगून ठेवा. झुडपी पट्टा असेल तेवढा वेळ काचा बंद आणि वरचं छत खाली, मोकळ्या गवतात आलं की उघडायचं, हा सगळ्यात सरळ उपाय, उकडतं पण थोडाच वेळ.

एक स्पष्ट सांगते, त्सेत्सेपुढे अंगाला लावायचं क्रीम आणि कपड्यावरचं औषध दोन्ही फारसं कामाला येत नाही. इथे जाड कापड आणि रंग, बस. खाकी, मातकट, फिकट ऑलिव्ह असलं काहीतरी. पांढरा चालेल पण तिथल्या लाल धुळीत संध्याकाळपर्यंत ओळखू येत नाही. मिलिटरी छापाचे कपडे अजिबात नेऊ नका, आफ्रिकेतल्या बऱ्याच देशांत सामान्य माणसाने ते घातलेले चालत नाहीत, उगाच अडवाअडवी.

आता कापड. घरी ट्यूबलाइटसमोर धरून बघायचं. वीण विरळ असेल तर बारीक बारीक उजेडाचे ठिपके दिसतात, तसं कापड डासांना काहीच नाही, सोंड आरपार. मलमल गेली, आपले हातमागाचे झिरझिरीत कुर्ते गेले, होजिअरीचे टीशर्ट पण गेले कारण ते ताणले की जाळी उघडते. लेगिंग्ज तर विसराच, अंगाला चिकटलेल्या कापडातून डास बिनधास्त चावतो, त्यापेक्षा आपली सैल सलवार कितीतरी बरी, फक्त घट्ट विणीच्या कापडाची हवी. सैल कपड्यात कातडी आणि कापड यांच्यात जागा राहते, सोंड पोचत नाही, वर हवाही खेळती राहते. गरम देशात कमी कपडे घालावेत असं आपल्याला वाटतं, पण पूर्ण बाहीचा सैल शर्ट घालून मला स्लीव्हलेसवाल्या जाऊबाईंपेक्षा कमी उकडत होतं, ऊनही लागत नव्हतं.

मी दोन शर्ट आमच्या नेहमीच्या टेलरकडून शिवून घेतले. कॉटन पॉपलिन, मातकट रंग, पूर्ण बाही, मनगटाला बटण, कॉलर जरा उंच म्हणजे मान झाकली जाते, आणि काखेजवळ थोडं जास्त कापड सोडायला सांगितलं. पँट जरा जाड कापडाची, खाली घोट्याला इलॅस्टिक. टेलर म्हणाला, ताई, स्काऊटच्या कॅम्पला चाललाय का? चालू दे. रेडिमेड पाहिजे तर ट्रेकिंगच्या दुकानातल्या झटपट वाळणाऱ्या पँटा ठीक आहेत, पण त्या पातळ असतात, हाताने ताणून बघा, आणि शक्यतो खालून झिप काढून हाफ होणाऱ्या घेऊ नका, एकदा हाफ केली की संध्याकाळी परत जोडायचा कंटाळा येतो आणि नेमकी तीच डासांची वेळ.

आणि आता औषध. कपड्यांसाठी जे वापरतात ते पर्मेथ्रिन. पायरेथ्रम नावाची शेवंतीच्या कुळातली पांढरी फुलं असतात, केनिया-टांझानियातही त्यांची शेती होते, त्यांच्यातल्या द्रव्यावरून प्रयोगशाळेत बनवलेलं हे औषध. कापडावर बसलेला डास किंवा गोचीड त्याला स्पर्श झाला की लुळा पडतो. पण स्पर्श व्हायला लागतो, उघड्या हाताला डास चावणार तो चावणारच. कपड्यावर मारायच्या स्प्रेमध्ये पर्मेथ्रिन ०.५ टक्के असतं आणि साधारण सहा आठवडे किंवा सहा धुण्यांपर्यंत टिकतं. कंपनीतूनच औषध बसवून आलेले कपडे मिळतात ते सत्तर धुण्यांपर्यंत चालतात असं त्यांचं म्हणणं.

आपल्याकडे मेडिकलमध्ये जाऊन पर्मेथ्रिन मागितलंत तर खरजेचं क्रीम हातात ठेवतील, मला तेच दिलं. ते ५ टक्क्यांचं, अंगाला लावायचं, डॉक्टरांनी सांगितलं तरच लावायचं. ते पाण्यात कालवून कपड्याला चोपडणं वगैरे प्रयोग करू नका. शेतीच्या दुकानातलं कीटकनाशक आणून कपडे बुडवायचा सल्लाही मला एकाने दिला, त्याला लांबूनच नमस्कार. अमेरिकेत कुणी नातेवाईक असेल तर बाटली मागवण्यापेक्षा तयार कपडेच मागवा, विमानात कीटकनाशकाच्या बाटलीवरून कटकट होऊ शकते, सॉक्सवरून होत नाही. माझ्या भाचीने सॉक्स आणि एक-एक पँट आणली, आणि माझ्या मते पैसे टाकायचेच तर सॉक्स आणि पँटवर टाका, शर्टवर नको. कारण डास घोट्याला धरतात आणि गोचीड गवतातून पायावरच चढतात. जिथे गाडीतून उतरून गवतातून चालणार असाल तिथे पँट सॉक्समध्ये खोचायची, ध्यान दिसतं पण चालतंय.

स्प्रे मिळालाच तर घरीच, गच्चीत किंवा बाल्कनीत, कपडे हँगरला लावून मारा, अंगात घालून नाही, आणि सावलीत पूर्ण वाळू द्या, उन्हाने औषध उतरतं. आतल्या कपड्यांना मारायचं नाही. घरात मांजर असेल तर कपडे खडखडीत वाळेपर्यंत तिला तिकडे फिरकू देऊ नका, मांजरांना हे औषध बाधतं, माशांनाही, त्यामुळे फिशटँकपासून लांब. ड्रायक्लीनला दिलं की औषध गेलंच. म्हणून लॉजच्या लाँड्रीत सगळं देऊ नका, औषधाचे कपडे दोन-तीन दिवस तसेच वापरले तरी चालतात, तिकडे सगळेच धुळीने माखलेले असतात, कोण बघतंय.

धुण्यावरून आठवलं, तिथे ओले कपडे बाहेर दोरीवर किंवा गवतावर वाळत घालू नका. मँगो फ्लाय नावाची माशी ओलसर कपड्यांवर अंडी घालते आणि कपडा अंगात घातला की अळी कातडीत शिरते, तिथे फोड येतो. लॉजवाले चड्डी-बनियनला सुद्धा कडक इस्त्री करून देतात ते हौस म्हणून नाही. स्वतः धुतलंत तर खोलीत जाळीच्या आत वाळवा आणि शिवणीवरून, इलॅस्टिकवरून नीट इस्त्री फिरवा.

संध्याकाळचं वेगळं गणित. मलेरियाचा अॅनाफिलीस डास सूर्यास्तापासून पहाटेपर्यंत चावतो, आणि त्याच वेळी सगळे अंघोळ करून, हाफ पँट आणि सँडल घालून लॉजच्या शेकोटीभोवती बसतात. तेव्हाच खरे पूर्ण कपडे पाहिजेत. आम्ही अंघोळीनंतर औषधाचे सॉक्स आणि सैल पँट, सासूबाई नऊवारी-पाचवारीतून बाहेर येणाऱ्यातल्या नाहीत, त्यांना साडीखाली सॉक्स आणि बूट घातले, आधी लाजल्या, मग रोज स्वतःच मागायला लागल्या. उघड्या भागाला, म्हणजे हात, मान, कानामागे, २०-३० टक्के डीट किंवा पिकारिडिनवालं, डास पळवणारं औषध. दिवसा लावायचं तर सनस्क्रीन आधी आणि हे वरून. डीट प्लॅस्टिकला खातं, जाऊबाईंच्या घड्याळाची काच धुरकट झाली, डीट लावलेल्या हाताने गॉगल आणि कॅमेऱ्याला शिवू नका, पिकारिडिनचा हा त्रास नाही.

न्गोरोंगोरोला कड्यावर मुक्काम होता, उंची दोन हजार मीटरच्या वर, रात्री चक्क कुडकुडलो, डास नावाला. एक फ्लीस न्या, तोही काळा-निळा नको कारण सकाळी तोच घालून तुम्ही पुढच्या झुडपात जाता. एन्डुटूला विल्डबीस्टची वासरं बघायला मोकळ्या गवतात मजा, पण बाभळींच्या पट्ट्यात त्सेत्से परत हजर. सेरेंगेटीत मधला मोकळा भाग बरा, झाडी आली की काचा वर.

झांझिबारला गेल्यावर लोकांना वाटतं आता बीच, आता सुट्टी. मलेरिया तिथे मेनलँडपेक्षा खूप कमी आहे, घरोघरी फवारणी आणि मच्छरदाण्या यामुळे, पण दिवसा चावणारा डेंग्यूचा एडिस डास आहेच. आणि स्टोन टाउनमध्ये बहुतेक वस्ती मुस्लिम, खांदे आणि गुडघे झाकलेले कपडे घालून फिरणं बरं दिसतं, त्यामुळे सफारीचे तेच सैल कपडे इथेही डबल कामाला आले. उष्मा मात्र कोकणासारखा चिकट, इथे पॉपलिनच हवं, जाड पँट बॅगेत.

सामानाचं थोडक्यात. सेरेंगेटीला छोट्या विमानाने जाणार असाल तर साधारण १५ किलो आणि मऊ बॅग, ट्रॉली चालत नाही, म्हणून प्रत्येकी तीन शर्ट, दोन पँट पुरे. दुकानातल्या प्लॅस्टिक पिशव्यांवर टांझानियात २०१९ पासून बंदी आहे, औषधाचे कपडे वेगळे ठेवायला कापडी पिशवी न्या, क्रीम-बाटल्यांसाठी झिपवाली पिशवी चालते. नैरोबीमार्गे परत येणार असाल तर पिवळ्या तापाच्या लसीचं कार्ड जवळ पाहिजेच, निघायच्या किमान १० दिवस आधी लस घ्या, कार्ड नसेल तर परत आल्यावर इथे क्वारंटाइनमध्ये बसवू शकतात. मलेरियाच्या गोळ्या डॉक्टरांना विचारूनच, कपडे कितीही चांगले असले तरी गोळ्या सोडायच्या नाहीत, आणि डॉक्सीसायक्लिन दिली असेल तर उन्हाने कातडी लवकर भाजते, मग पूर्ण बाह्या आणखी गरजेच्या.

परत आल्यावर पुढच्या दोन-तीन महिन्यांत ताप आला तर व्हायरल असेल म्हणून क्रोसिन घेऊन झोपू नका, त्याच दिवशी मलेरियाची टेस्ट करा. त्सेत्सेच्या चाव्याच्या जागी मोठा दुखरा फोड आला, तोही दाखवा. आणि डॉक्टरांना पहिल्या वाक्यातच सांगा की आफ्रिकेत जाऊन आलोय, कुठल्या पार्कात, कुठल्या तारखांना, आपल्याकडच्या डॉक्टरच्या डोक्यात ते आपणहून येणार नाही.