पोट कडक होतंय, पण दिवस भरले नाहीत

परवा रात्री साडेबाराला मावसबहिणीचा मेसेज आला, ताई झोपलीस का, पोट सारखं दगडासारखं होतंय, दुखत नाहीये फारसं पण होतंय, तेहतिसावा आठवडा चालू आहे, मॅडमना आत्ता फोन करू का सकाळपर्यंत थांबू. मी मेसेज टाइप करत बसलेच नाही, सरळ फोन लावला. दोन वर्षांपूर्वी मी हाच प्रश्न घेऊन अंधारात पडून होते आणि कोणाला उठवायचं ते कळत नव्हतं. तिच्याशी तासभर बोलले, तरी बरंच सांगायचं राहिलं, ते इथे लिहितेय.

माझं सुरू झालं 31 आठवडे 4 दिवसांवर. पुण्यातला एप्रिल, दुपारी दीडची मीटिंग, सकाळपासून चहाशिवाय पोटात काही द्रव गेलेलं नाही. आधी वाटलं बाळ एका बाजूला सरकलंय, हात लावला तर सगळं पोट नारळासारखं टणक, अर्ध्या मिनिटाने सैल, दहा मिनिटांनी परत तेच. संध्याकाळपर्यंत मोजणं सोडून दिलं होतं. नवऱ्याला सांगितलं तर तो घाबरला, सासूबाईंना सांगितलं तर म्हणाल्या, अगं खोट्या कळा असतील, मलापण यायच्या. त्या चुकीचं बोलत नव्हत्या. खोट्या कळा खरंच असतात, ब्रॅक्स्टन हिक्स नावाच्या इंग्रज डॉक्टरने 1872 मध्ये त्यांच्यावर लिहिलं म्हणून आजही त्याच नावाने ओळखतात, गर्भपिशवीचा स्नायू मधूनमधून आवळतो आणि सुटतो, त्याने बाळंतपण पुढे सरकत नाही. पण घरात बसून खोट्या कोणत्या आणि खऱ्या कोणत्या हे दर वेळी ओळखता येत नाही, मलाच काय आईलाही आलं नाही, आणि तिची तीन बाळंतपणं झालीयेत. खरा फरक गर्भपिशवीच्या तोंडाला कळतो. ते आखूड होतंय का, उघडतंय का, हे तपासल्याशिवाय कोणीच छातीठोकपणे सांगू शकत नाही.

म्हणून गेलो. पोटाला पट्टे बांधून एनएसटी (बाळाचे ठोके आणि कळा कागदावर उमटवणारी तपासणी), कागदावर डोंगर उमटत होते, सहा-सात मिनिटांना एक. आतून सोनोग्राफी केली, तोंड बंद होतं पण लांबी 24 मिलिमीटर, म्हणजे थोडी कमीच. लघवीच्या रिपोर्टमध्ये इन्फेक्शन निघालं. मला जळजळ वगैरे काहीच नव्हती, तरी निघालं! इन्फेक्शन आणि शरीरातलं पाणी कमी होणं, या दोन्हींनी गर्भपिशवी चिडते हे मला त्या दिवशी कळलं. अँटिबायोटिक सुरू झाली, सलाईन लागलं, निफेडिपिनच्या गोळ्या दिल्या (ही खरं तर बीपीची गोळी, पण पिशवीचा स्नायूही सैल करते), त्याने चेहरा लालबुंद झाला आणि डोकं ठणकायला लागलं. आणि डेक्साची (डेक्सामेथासोन, एक स्टेरॉइड) इंजेक्शनं, 6 मिलिग्रॅमची, बारा-बारा तासांनी चार. ती बाळाच्या फुप्फुसांसाठी. मॅडमनी नीट समजावलं की गोळ्यांनी कळा महिनाभर थोपवून धरता येत नाहीत, साधारण 48 तास मिळाले तरी खूप, तेवढ्यात इंजेक्शनचा परिणाम होतो आणि बाळ लवकर आलंच तर त्याला श्वास घेणं सोपं जातं. चौथं इंजेक्शन होईपर्यंत मी तास मोजत होते. झालं तेव्हा खूप रडले, नवरा नुसता हात धरून बसला होता.

तिथेच, शेजारच्या बेडपाशी बसलेल्या एक आजी म्हणाल्या, सातव्यातलं जगतं बाई, आठव्यातलं जगत नाही, सांभाळ. लहानपणापासून ऐकलेलं हे वाक्य, पण स्वतःचा आठवा महिना चालू असताना ऐकलं की पायाखालची जमीन जाते. रात्रभर डोक्यात तेच. सकाळच्या राउंडला धीर करून विचारलं तर मॅडम माझ्या बेडवर बसल्या आणि म्हणाल्या हे साफ खोटं आहे, पोटातला एकेक आठवडा बाळाला बळच देतो, बत्तिसाव्यापेक्षा तेहतिसावा बरा, त्याहून चौतिसावा बरा, आणि 37 पूर्ण झाले की आपण त्याला लवकर आलेलं म्हणतच नाही. कृपा करून हे वाक्य कुठल्याही गरोदर बाईसमोर बोलू नका. मनापासून विनंती आहे.

तीन दिवसांनी कळा कमी करून घरी पाठवलं. कमी, बंद नाही. इथून पुढचे पाच-साडेपाच आठवडे खरे अवघड होते आणि त्याबद्दल मला आधी कोणीच काही सांगितलं नव्हतं. रोज कळा. कधी आठ, कधी पंचवीस. प्रत्येक वेळी मनात एकच, ही ती आहे का. दुखण्यापेक्षा ही राखण थकवते, झोपेतसुद्धा एक कान पोटाकडे. आणि माहेरी सांगलीला जायचं ठरलेलं, बॅग भरलेली, आईने खोली रंगवून घेतलेली, ते सगळं रद्द, कारण सव्वादोनशे किलोमीटरच्या रस्त्यात काही झालं तर काय करणार. शेवटी आईच आली, डिंक-मेथीचं सामान पिशवीत भरून. डोहाळजेवणाला झोपाळा सजवायचा होता, तो राहिला, मी सोफ्यावर डाव्या कुशीवर टेकून आणि बायका भोवती, ओटी भरली, गाणी म्हटली, वाटी उघडली तर पेढा निघाला (मुलगी झाली). मला वाईट वाटेल म्हणून सगळ्या जरा जास्तच मोठ्याने गात होत्या, ते आठवलं की अजून भरून येतं.

या दिवसांत मला सगळ्यात जास्त उपयोग झाला एका दोनशे पानी वहीचा. मोबाइलमधलं अ‍ॅप दर तिसऱ्या कळेला हॉस्पिटलला जा म्हणायचं, ते काढून टाकलं. वहीत वेळ, किती सेकंद, आणि त्याआधी मी काय करत होते. आठवड्याभरात दिसायला लागलं की लघवी दाबून धरली की हमखास येतात, लिफ्ट बंद म्हणून तीन जिने चढले त्या दिवशी आल्या, दुपारी तीनच्या उकाड्यात येतात, बाळ जोरात फिरलं की येतात. म्हणजे माझ्या हातातलं काहीतरी होतं. मग ठरलेला क्रम, आधी बाथरूमला जायचं, दोन मोठे ग्लास पाणी किंवा ताक, डाव्या कुशीवर पडायचं आणि तासभर मोजायचं. मॅडमनी मला आकडा दिला होता, 37 च्या आधी तासात सहा झाल्या की फोन, वेळ बघायची नाही. तुमचा आकडा तुमच्या डॉक्टरांकडून घ्या, प्रत्येकीची केस वेगळी असते. आणि या चार गोष्टींत मोजत बसायचंच नाही, थेट निघायचं: पाणी जाणं, रक्त दिसणं, कंबरेपासून पुढे सरकणारं न थांबणारं दुखणं, बाळाची हालचाल कमी वाटणं. गाडी नसेल तर 108 किंवा 102. हालचालीसाठी मी जेवण झाल्यावर कुशीवर पडून मोजायचे, दोन तासांत दहा झाल्या की बास.

सासूबाईंचं म्हणणं होतं खाटेवरून उतरूच नकोस. मॅडम म्हणाल्या पूर्ण झोपून राहिल्याने बाळंतपण लांबतं असं सिद्ध झालेलं नाही, उलट पायात रक्ताच्या गुठळ्या व्हायची भीती, घरात हळूहळू फिर, वजन उचलू नको, जिना टाळ. छत्तिसाव्यात शेजारच्या काकू एरंडेल घेऊन आल्या, एकदाची मोकळी होशील म्हणून. आईने बाटली हातात घेतली, बरं म्हणाली आणि कपाटात ठेवून दिली. एरंडेलाने जुलाब होतात, अंगातलं पाणी जातं, स्वतःच्या मनाने अजिबात घेऊ नका.

नोकरीचं पण सांगते. मी 38 पर्यंत काम करून सगळी रजा बाळ झाल्यावर घेणार होते. बाळंतपणाच्या 26 आठवड्यांच्या रजेतले 8 आठवडे तारखेच्या आधी घेता येतात, मला 32 लाच सुरू करावी लागली, तेव्हा फार टोचलं. नंतर एका मैत्रिणीने सांगितलं की गरोदरपणातल्या आजारपणासाठी किंवा बाळ लवकर झालं तर कायद्यात एक महिन्याची वेगळी पगारी रजा आहे, डॉक्टरांचं सर्टिफिकेट लागतं. ऑफिसमधून हे कोणी आपणहून सांगितलं नव्हतं. तुम्ही विचारा.

मी एकूण चार वेळा हॉस्पिटलला धावले आणि तीन वेळा परत आले. तिसऱ्यांदा परत येताना गाडीत मान खाली घालून बसले होते, उगाच सगळ्यांची झोप मोडली म्हणून. त्या रात्रीच्या ड्युटीवरच्या सिस्टर जाताना म्हणाल्या होत्या, परत वाटलं तर परत ये, आम्ही इथेच आहोत. त्यांच्या त्या एका वाक्यामुळे चौथ्यांदा निघाले. 37 आठवडे 2 दिवस, पहाटे तीनची वेळ. पाणी प्यायले, कुशीवर झाले, कळ थांबली नाही. कंबरेतून निघून पुढे येत होती आणि कळ असताना मला बोलता येत नव्हतं. वहीत 3:10 पर्यंत माझं अक्षर आहे, पुढच्या सहा ओळी आईने लिहिल्यात. मुलगी 2 किलो 600 ग्रॅम.

मावसबहीण त्या रात्री गेली. तोंड बंद आहे, लांबी चांगली आहे, अंगात पाणी कमी पडत होतं, सलाईन लावून सकाळी घरी. दुपारी मेसेज आला, ताई सॉरी, उगाच सगळ्यांना त्रास दिला. तिला म्हटलं वही आण, आणि आज रात्री वाटलं तर आजही जा, मी फोन उशाशी ठेवलाय.