माझी नोटीस, माझ्याच दारात

"आपल्यात कसलं लेखी-बिखी? सोडायचं असेल तेव्हा एक फोन करा की!" भाड्याचं घर ठरवताना मालक असं म्हणाले होते. मी त्यांना काका म्हणायचे. त्याच काकांनी घर सोडताना "लेखी कधी मिळालं मला?" असं विचारून माझे ७,३३३ रुपये कापले. दोन वर्षं उलटून गेली, आकडा अजून तोंडपाठ आहे.

कोथरूडमधला वन बीएचके, भाडं २२,०००, डिपॉझिट ६०,०००. फेब्रुवारी २०२३ पासून अकरा महिन्यांचं लिव्ह अँड लायसन्स, सहा महिन्यांचा लॉक-इन (तोवर घर सोडता येत नाही) आणि त्यानंतर एक महिन्याची लेखी नोटीस. एजंट थंब मशीन घेऊन घरी आला, आधार कार्डं घेतली, अंगठे झाले, रजिस्ट्रेशन झालं. ॲग्रीमेंट मी वाचलं होतं. म्हणजे भाडं, डिपॉझिट आणि रंगकामाचा मुद्दा वाचला होता. पहिल्या पानावरचे पत्ते कोण वाचतं?

ऑगस्टमध्ये नागपूरला बदली पक्की झाली. ३० सप्टेंबरला घर सोडायचं, म्हणजे ऑगस्ट संपायच्या आत नोटीस पोचायला हवी. २४ तारखेला काकांना फोन केला. "हो हो, काही हरकत नाही, सोडा तुम्ही," म्हणाले. मी निर्धास्त. वकिलाच्या ऑफिसात काम करणाऱ्या मैत्रिणीला सहज सांगितलं तर ती उखडलीच. "फोनला कोण विचारतं? रजिस्टर पोस्टाने पाठव, पोचपावतीसकट. आणि ॲग्रीमेंटमध्ये आहे त्याच पत्त्यावर पाठव, नाहीतर उद्या म्हणतील चुकीच्या पत्त्यावर पाठवलं."

तेव्हा पहिल्यांदा पहिलं पान नीट वाचलं. मालकांचा पत्ता: मी राहत होते तोच फ्लॅट. काका बाणेरला मुलाकडे राहायला जाऊन चार वर्षं झाली होती, पण आधारवर जुनाच पत्ता होता आणि एजंटने तोच उतरवला होता. आणि नोटीस द्यायची कुठे? तर "वर नमूद केलेल्या पत्त्यावर".

काकांना फोन करून बाणेरचा पत्ता मागितला. "अहो, येतो की मी तिकडे, भेटू." दुसऱ्यांदा फोन, तेच उत्तर. भाडं यूपीआयने जायचं, त्यामुळे पत्त्याची कधी गरजच पडली नव्हती. सोसायटीच्या सेक्रेटरींकडे गेले. त्यांच्यासमोर रजिस्टर उघडं होतं, त्यात पत्ता होता, आणि ते रजिस्टर मिटून मला म्हणाले, "मेंबरची माहिती भाडेकरूंना देता येत नाही." नियम असेलही. पण नळाला पाणी नसलं की हेच गृहस्थ "तुमच्या मालकांना जरा सांगा" म्हणून माझ्याकडे यायचे.

शेवटी २८ ऑगस्टला पोस्टात गेले. काउंटरवरच्या बाईंनी पाकीट उलटसुलट करून पाहिलं. "पाठवणार आणि घेणार, पत्ता एकच?" मी म्हटलं, हो. "मग हातात द्या ना." म्हटलं, ते तिथे राहत नाहीत. "मग पाठवताय कशाला?" याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. मागे रांग वाढत होती. त्यांनी शिक्का मारला.

तीन दिवसांनी बेल वाजली. पोस्टमन दारात, हातात माझंच पाकीट. नाव काकांचं. "ताई, हे तुमचे कोण?" मी सगळी कहाणी सांगितली. तो बिचारा हसला नाही, हे त्याचे उपकार. मी सही केली असती तर पोचपावतीवर माझीच नोटीस मला मिळाल्याची नोंद झाली असती. म्हटलं, घेणारे इथे राहत नाहीत असा शेरा मारा. त्याने पाकीट भिंतीला टेकवून निळ्या पेनाने शेरा लिहिला, तारीख टाकली आणि गेला. दोन दिवसांनी पुन्हा बेल, पुन्हा तोच. आता पाकीट "पाठवणाऱ्यास परत" आलं होतं! या वेळी मात्र दोघंही हसलो. ते पाकीट अजून माझ्याकडे आहे, न फोडता. असं परत आलेलं पाकीट कधी फोडू नका, बंद असेल आणि वर शेरा असेल तरच त्याला काही किंमत. (आता रजिस्टर पोस्ट वेगळं राहिलेलं नाही, २०२५ मध्ये ते स्पीड पोस्टात विलीन झालं.)

मधल्या काळात ३१ ऑगस्टला मी सही केलेल्या नोटिशीची पीडीएफ ई-मेलने आणि व्हॉट्सॲपवर पाठवली होती. व्हॉट्सॲपवर निळ्या टिका आल्या, उत्तर नाही. फोन केला तर, "मी ई-मेल वगैरे बघत नाही हो, ते सगळं मुलाकडे असतं." सप्टेंबर सुरू झाला होता. महिन्याची मुदत पत्र मिळाल्यापासून धरली, तर प्रत्येक दिवस मला ७३३ रुपयांना पडत होता. सकाळी दात घासतानासुद्धा हाच आकडा डोक्यात.

सोडवणूक केली ती वॉचमनने. पार्सल घ्यायला खाली गेले तर म्हणाला, "रविवारी या की. मीटिंग हाय, सगळे मालक येणार. रिडेव्हलपमेंटचा विषय हाय." बोर्डावर वार्षिक सभेची नोटीस महिनाभर लावलेली असणार. या सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यायच्या असतात, म्हणून सगळ्या सोसायट्यांची याच दिवसांत धांदल असते. भाडेकरू म्हणून मी त्या बोर्डाकडे कधी पाहिलंच नव्हतं.

१० सप्टेंबरला मी दोन प्रती घेऊन पार्किंगमध्ये, प्लॅस्टिकच्या खुर्च्यांमागे उभी. एफएसआयवरून, म्हणजे नव्या इमारतीत किती बांधकाम करता येईल यावरून, तासभर भांडण झालं. सामोसे आले तसं काकांना गाठलं. "आज कुठे कागदं? चष्मा नाही आणला." म्हटलं, मी वाचून दाखवते. आणि खरंच मोठ्याने वाचली, पत्त्यापासून सहीपर्यंत. आजूबाजूचे चार-पाच मेंबर सामोसा हातात धरून ऐकत होते. काकांना सही केल्याशिवाय सुटका नव्हती. कोणाच्या तरी स्कूटरच्या सीटवर कागद ठेवून त्यांनी "मिळाली" लिहिलं, सही केली. मी म्हटलं, तारीख? १०/९ लिहिलं. "काका, वर्ष पण." पेन जरा दाबूनच त्यांनी २३ लिहिलं.

म्हणून घर घेतानाच, अंगठा लावायच्या आधी, मालकाचा सध्याचा पत्ता आणि ई-मेल ॲग्रीमेंटमध्ये घालून घ्या आणि "ई-मेलने दिलेली नोटीस चालेल" हे एक वाक्य टाकायला लावा. एजंट कुरकुरतो, पण टाकतो. आणि नोटीस हातात देणं शक्य असेल तर पोस्टाच्या नादाला लागूच नका. दोन प्रती, एकीवर "मिळाली", सही आणि तारीख, बस. ॲग्रीमेंटची मुदत संपतच आली असेल तर तेही लेखी कळवा आणि वेळेत किल्ली द्या, कारण मुदतीनंतर राहिलात तर भाडे नियंत्रण कायद्याच्या २४व्या कलमाप्रमाणे दुप्पट भाडं लागू शकतं. हो, आणि किल्ली देताना लाइटच्या मीटरचा फोटो काढा, भिंतींचेही. काका रंगाचे म्हणून कापायला निघालेले ५,००० तरी त्या फोटोंमुळे मी वाचवले.

किल्ली मी ३० सप्टेंबरलाच दिली. काकांनी भाडं १० ऑक्टोबरपर्यंत धरलं. मी ३१ ऑगस्टच्या पीडीएफबद्दल बोलून पाहिलं, तर "तुम्हीच तर माझ्याकडून तारीख लिहून घेतली," म्हणाले. यावर काय बोलणार? नागपूरला रुजू व्हायचं होतं, सामानाचा टेम्पो दारात उभा होता.

डिपॉझिट आठवड्याभरात परत आलं, लाइटबिल आणि ७,३३३ वजा करून. सोबत व्यवस्थित टाइप केलेला हिशोब होता. काकांनी तो पाठवला होता ई-मेलने.