'एक्स्किसीतो' पुरणपोळी

गेल्या होळीला ऑफिसमधली एक ब्राझीलची कलीग आमच्याकडे कोथरूडला जेवायला आलेली. आईने तव्यावरची पुरणपोळी थेट तिच्या ताटात वाढली, वर तुपाची धार. मी तेव्हा रानडे इन्स्टिट्यूटला स्पॅनिश शिकत होते, म्हटलं पोर्तुगीज जवळचीच भाषा, कळेल तिला, म्हणून हौसेने विचारलं, 'एक्स्किसीतो ना?' तर तिने तोडलेला घास हातातच धरला आणि पोळीकडे बघत म्हणाली, का गं, काही बिघडलंय का हिच्यात?

स्पॅनिशमध्ये एक्स्किसीतो म्हणजे एकदम चविष्ट, आणि तिच्या पोर्तुगीजमध्ये एस्किझीतू म्हणजे विचित्र, कायतरी गडबड असलेलं!! शब्द मुळात एकच, लॅटिनमधला, तिथे त्याचा अर्थ शोधून शोधून काढलेलं, निवडक. आता शोधून आणलेली वस्तू चांगलीच असणार, म्हणून स्पॅनिश चवीकडे गेली, इटालियनचं स्क्विझीतो आणि फ्रेंचचं एक्स्की पण तिकडेच. पण जे शोधावं लागतं ते रोज दिसत नाही, रोज दिसत नाही ते वेगळं वाटतं आणि वेगळं वाटतं ते हळूहळू खटकायला लागतं, पोर्तुगीज त्या वाटेने गेली. मला ही वाट जास्त माणसासारखी वाटते. स्पॅनिशचा रारो बघा ना, दुर्मिळ पण तोच आणि विचित्र पण तोच.

हे सगळं आईला सांगत होते तर ती पोळी लाटता लाटताच म्हणाली, 'अगं, विचित्र तरी मुळात कुठे वाईट होता? संस्कृतात विचित्र म्हणजे रंगीबेरंगी, नाना तऱ्हेचं, सुंदर. नाहीतर सत्यवतीने पोराचं नाव विचित्रवीर्य ठेवलं असतं का?'

मी गप्पच झाले. म्हणजे पोर्तुगीजमध्ये जे झालं तेच आपल्याकडे झालं, तेही नेमकं त्याच अर्थाच्या शब्दाचं, आणि मी तो रोज वापरते. शिक्षाचं माहीत होतं, हिंदीत शिक्षण आणि मराठीत छड्या, पण हे कधी डोक्यातच आलं नव्हतं.

तेवढ्यात कलीगने दुसरी पोळी मागितली. आईने मला विचारलं, 'मग चांगलं झालंय याला हिच्यात काय म्हणतात?' गोस्तोझू, ती स्वतःच तोंडातला घास सांभाळत म्हणाली.