उलाळ झालेली फळी आणि हिरवा टॅग

गेल्या उन्हाळ्यात पिंपरी-चिंचवडमधील एका सात मजली इमारतीच्या बाहेरच्या रंगकामावर मी साइट इंजिनिअर म्हणून होते. त्या कामावर परांचीच्या फळ्या नीट बसवून घेऊन हिरवा टॅग, म्हणजे परांची वापरायला सुरक्षित असल्याची खूण, मिळवायला मला सहा दिवस लागले. हे काम दीड दिवसाचे आहे असे मी ठेकेदाराला आधीच सांगून बसले होते, त्यामुळे उरलेले साडेचार दिवस त्याची बोलणीही खावी लागली.

सुरुवात एका लहानशा अपघाताने झाली. दुसऱ्या टप्प्यावर, म्हणजे जमिनीपासून सुमारे चार मीटर उंचीवर, इमारतीच्या कोपऱ्याजवळ एक रंगारी प्रायमरची बादली घेण्यासाठी दोन पावले बाजूला सरकला आणि त्याच्या पायाखालचे फळीचे टोक एकदम खाली गेले. दुसरे टोक त्याच वेळी छातीइतके वर आले. त्याच्या हार्नेसचा हूक कठड्याच्या पाइपला अडकवलेला होता आणि एक हात उभ्या पाइपाभोवती होता, म्हणून नडगी सोलवटण्यावर निभावले. बादली खाली फीत लावून बंद केलेल्या पट्ट्यात पडली आणि पांढऱ्या रंगाचा सडा पडला. बांधकाम करून घेणाऱ्या कंपनीचे सुरक्षा अधिकारी अर्ध्या तासात आले, जिन्याच्या तोंडाशी लाल टॅग लावला आणि काम थांबवले. मला त्यांनी एवढेच सांगितले, "फळ्या पक्क्या करून घ्या, मग मला बोलवा."

'पक्क्या करणे' याचा अर्थ मी 'बांधणे' असा घेतला, आणि माझी पहिली चूक तिथेच झाली. बाइंडिंग वायरची दोन वेटोळी मागवली, सळई बांधणारी दोन मुले आकडीसह वर चढवली आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत झाडून सगळ्या फळ्या तारेने पाइपाला आवळून टाकल्या. काम दिसायला चोख होते. अधिकारी तिसऱ्या दिवशी सकाळी आले, पहिल्या टप्प्यावर चढलेच नाहीत, खाली उभे राहून फळ्यांच्या तळाकडे पाहत कोपऱ्यापर्यंत चालत गेले आणि म्हणाले, "मॅडम, तार फळीला सरकू देत नाही, वाऱ्याने उडू देत नाही. माणसाचे वजन पेलण्यासाठी ती लावलेली नसते. या फळीच्या टोकाखाली काय आहे ते मला दाखवा."

टोकाखाली काहीच नव्हते.

आमचे मुकादम लातूरकडचे, वयाने माझ्या वडिलांच्या बरोबरीचे. सगळी साइट त्यांना मामा म्हणते, म्हणून मीही म्हणते. अधिकारी गेल्यावर मामा म्हणाले, "मॅडम, गाडीत मागल्या अंगाला ऊस जास्त पडला की गाडी उलाळ होती. जू वर जातंय आन् बैल लटकत्यात. ही फळीबी उलाळ हाय. तुमी तार बांधली म्हंजे बैलाचं जोत आवळलं. मागला ऊस कुठं काढला?" इंग्रजी पुस्तकात या प्रकाराला जो शब्द आहे त्यापेक्षा मामांचा शब्द मला अधिक नेमका वाटला, आणि त्या दिवसापासून आमच्या साइटवर 'उलाळ फळी' हाच शब्द चालू झाला.

मग मी कागदावर हिशेब मांडला. आमच्या फळ्या आठ फुटी, म्हणजे सुमारे २.४ मीटर लांब, २२५ मिलिमीटर रुंद आणि ३८ मिलिमीटर जाड. अशा कोरड्या फळीचे वजन साधारण बारा किलो भरते. परांची कपलॉक पद्धतीची, म्हणजे उभ्या पाइपावरच्या कपात आडवे पाइप अडकवून उभारायची; उभे पाइप दीड-दीड मीटरवर, आणि फळीखालचे आडवे ट्रान्समही तेवढ्याच अंतरावर. कोपऱ्यातली ती फळी दोनच ट्रान्समवर टेकलेली होती आणि एका बाजूला जवळजवळ दोन फूट बाहेर लोंबत होती. फळीचे स्वतःचे वजन तिला जागेवर धरून ठेवते खरे. पण पासष्ट किलोच्या माणसाने आधाराच्या पुढे सुमारे अकरा सेंटीमीटरवर पूर्ण भार टाकला की ती उलटते. अकरा सेंटीमीटर म्हणजे अर्धी वीत. रंगारी दोन फूट बाहेर गेलाच नव्हता, जाण्याची गरजही नव्हती. नवी कोरी, दुहेरी आवळलेली तार त्याला एखादे वेळी धरूनही ठेवील, पण चार दिवसांच्या हादऱ्यांनी सैल झालेला पीळ कोणाच्या भरवशावर सोडायचा? शिवाय तार दिसली की माणूस निर्धास्तपणे टोकावर जातो. म्हणजे माझ्या दोन दिवसांच्या मेहनतीने ती जागा आधीपेक्षा अधिक फसवी झाली होती.

ग्राहक कंपनीच्या नियमावलीत टोकाबद्दलची अट एका ओळीत होती: फळी शेवटच्या आधाराच्या पुढे किमान ५० मिलिमीटर असावी आणि जाडीच्या चौपटीपेक्षा जास्त नसावी. आमच्या ३८ मिलिमीटरच्या फळीला हे दीडशे मिलिमीटरच्या आसपास येते. पन्नासपेक्षा कमी असेल तर फळी जराशी सरकली तरी टोक आधारावरून निसटते, चौपटीपेक्षा जास्त असेल तर उलाळ होते. शिवाय प्रत्येक फळीखाली किमान तीन आधार हवेत, आणि ३८ मिलिमीटरच्या फळीसाठी दोन आधारांमधले अंतर १.२ मीटरपेक्षा जास्त नको. ब्रिटनमधली रुळलेली पद्धतही हीच आहे. कंपनीने ती तिथूनच उचलली असावी. आपल्याकडे परांचीच्या सुरक्षिततेसाठी आयएस ३६९६ हे भारतीय मानक आहे, त्याचा पहिला भाग १९८७ चा. बांधकाम कामगारांच्या १९९६ च्या कायद्याखाली १९९८ साली केंद्राने आणि २००७ साली महाराष्ट्राने नियमही केले. डिप्लोमाला यांतली काही नावे मी पाठ केली होती. टेप हातात धरून फळीच्या टोकाशी मात्र त्या दिवशी पहिल्यांदाच बसले.

चौथ्या दिवशी मामा आणि मी खडू घेऊन तळापासून वरपर्यंत गेलो. ज्या टोकाखाली आधार नाही तिथे फुली, ज्या फळीखाली दोनच आधार आहेत तिथे एक रेघ, आणि जी फळीच वाईट आहे तिच्यावर गोल. दुखणे कुठून आले ते दुसऱ्याच टप्प्यावर लक्षात आले. दोन उभ्या पाइपांमधली जागा म्हणजे एक खण; दीड मीटरच्या दोन खणांना तीन मीटर लागतात आणि आमची फळी २.४ मीटरची. म्हणजे ती एका खणात मावत नाही आणि दोन खण पुरे करत नाही; तिचे एक टोक कायम दुसऱ्या खणाच्या मध्ये कुठेतरी अधांतरी राहणार. कामगारांनी त्यावर आपापल्या परीने उपाय केले होते: कुठे एका फळीवर दुसरी चढवली होती, कुठे नुसते टोक सोडून दिले होते. फळ्या कापून दीड मीटरच्या करा असे मी ठेकेदाराला सुचवले, तेव्हा त्यांनी जे ऐकवले ते इथे लिहिण्याजोगे नाही. पण त्यांचे म्हणणे अगदीच चुकीचे नव्हते, कारण एका खणापुरत्या आखूड फळीला दोनच आधार मिळतात आणि ती लवकर सरकते.

उपाय निघाला तो जादा आडव्या पाइपांचा. जिथे दोन फळ्यांची टोके भिडतात, तिथे त्या जोडाच्या दोन्ही बाजूंना दहा-दहा सेंटीमीटरवर एकेक आखूड पाइप आडवा टाकून तो दोन्ही लेजरना, म्हणजे परांचीच्या लांबीने जाणाऱ्या आडव्या पाइपांना, क्लॅम्पने आवळायचा. म्हणजे प्रत्येक टोकाला स्वतःचा आधार मिळतो आणि टोक बाहेर राहते ते फक्त दहा सेंटीमीटर. दीड मीटरच्या खणात मधोमध आणखी एक. भाड्याचे पाइप आणि क्लॅम्प यांचा खर्च वाढला, हे खरे. पण तीन दिवस बसून राहिलेल्या रंगाऱ्यांच्या हजेरीपेक्षा तो कमीच होता, आणि ठेकेदाराला शेवटी पटले ते याच हिशेबाने. फळीवर फळी चढवण्याचा प्रकार आम्ही जवळजवळ बंद केला. चढवलेल्या जोडाला दोन्ही फळ्या आधारावर असतील आणि पुरेशा लांबीने एकमेकींवर आल्या असतील तर तो चालतो, पण तिथे दीड इंचाची पायरी तयार होते आणि हातात बादली असलेला माणूस नेमका तिथेच ठेचकाळतो. इमारतीचा कोपरा वळताना मात्र दुसरा मार्ग नव्हता. तिथे चढवलेल्या कडेला तिरकी पट्टी ठोकून घेतली.

गोल केलेल्या फळ्यांची गोष्ट वेगळी सांगितली पाहिजे. फळी चांगली की वाईट हे तिच्यावर उडी मारून पाहण्याची पद्धत सर्रास आहे, आणि ती अत्यंत वाईट आहे. आज न मोडलेली फळी त्या उडीने आतून तडकते आणि उद्या मोडते. मामांनी प्रत्येक फळी कडेवर उभी करून टोकापासून पाहिली: टोकाची चीर कुठवर गेली आहे, कडेला मोठी गाठ आहे का, आधाराच्या जागी लाकूड दबून मऊ झाले आहे का. रंगाचे थर चढलेल्या फळ्या त्यांनी खरवडून पाहिल्या, कारण रंगाखाली चीर लपते. बाद ठरलेल्या फळ्या बाजूला रचून ठेवल्या तर दोन दिवसांत त्याच पुन्हा वर जातात, हा मामांचा अनुभव; म्हणून त्यांनी त्या माझ्यादेखत मधोमध कापायला लावल्या. ठेकेदार त्या वेळी साइटवर नव्हते, हे बरे झाले.

एवढे झाल्यावर तारेचा क्रम आला. काही टप्प्यांवर आधीच्या मंडळींनी काथ्याने बांधले होते. काथ्या ओला-सुका होत राहिला की सैल पडतो आणि उन्हात कमजोर होतो, म्हणून तो सगळा काढला. तार दुहेरी घेऊन फळीच्या दोन्ही टोकांना आडव्या पाइपाभोवती फिरवायची, आकडीने पीळ द्यायचा आणि पिळाचे टोक खाली वळवून फळीच्या तळाशी दाबायचे. वर राहिलेले तारेचे टोक पँटच्या घोळात अडकते. माझ्या स्वतःच्या सलवारीला त्याचे भोक आहे. पीळ फार दिला तर तार तुटते, कमी दिला तर फळी हलते. मामा बोटाने तार छेडून पाहत, आणि आवाजावरून सांगत की अजून अर्धा फेरा हवा. कठड्याच्या बाजूच्या टो-बोर्डलाही, म्हणजे वस्तू खाली पडू नयेत म्हणून कडेला उभ्या लावलेल्या फळीलाही, तशीच तार घातली.

या सगळ्यात मला सर्वांत उशिरा कळलेली बाब अशी की जो माणूस फळी बांधतो तो स्वतः न बांधलेल्या फळीवर उभा असतो. पहिल्या खेपेला मी सळईची मुले मन मानेल तिथून कामाला लावली होती. दुसऱ्या खेपेला जिन्यापासून सुरुवात केली: पहिली फळी जिन्याच्या चौकटीत उभे राहून बांधायची, मग तिच्यावर उभे राहून पुढची, आणि हार्नेसच्या दोन दोऱ्यांपैकी एक तरी कायम अडकवलेली. उतरवताना हाच क्रम उलटा. वेग निम्म्यावर आला, पण एकही मनुष्य मोकळ्या फळीवर गेला नाही.

पाचव्या दिवशी संध्याकाळी वळीव आला. धूळ, मग गारा, मग अर्धा तास पाऊस. बारा किलोच्या फळीला वारा काय करणार असे वाटते. पण अर्ध्या चौरस मीटरच्या फळीखालून जोराचा झोत घुसला तर ढोबळ हिशेबाने ताशी सत्तर किलोमीटरच्या आसपास ती उचलली जाऊ शकते, आणि सातव्या मजल्याच्या कोपऱ्यावर तसा झोत वळवात येतो. सकाळी पाहिले तर बांधलेली एकही फळी हललेली नव्हती. पाचव्या टप्प्यावरची एक मात्र पार्किंगच्या पत्र्यावर जाऊन पडली होती. तिच्या दोन्ही तारा पकडीने स्वच्छ कापलेल्या होत्या. चौकशी केली तेव्हा समजले की प्लंबरला पावसाळी पाइप खाली सोडायचा होता, म्हणून त्याने फळी सोडवून बाजूला नुसती ठेवली आणि काम संपल्यावर तो निघून गेला. रात्रीची वेळ, खाली कोणी नव्हते. मला त्याचा राग आला, पण पाइप कुठून सोडायचा याची सोय मीच ठेवली नव्हती. त्या खणात आम्ही पाइपाच्या जागेपुरती फट सोडली, तिच्या दोन्ही बाजूंना आखूड फळ्या खाली गुटका ठोकून आडव्या पाइपांवर अडकवल्या आणि भोवती कठडा केला.

सहाव्या दिवशी दुपारी अधिकारी आले. या वेळी ते वर चढले. प्रत्येक जोडाशी थांबून, हूक अडकवून, बुटाच्या टाचेने टोक दाबून पाहत होते. तिसऱ्या टप्प्यावर जिन्याच्या तोंडाशी टो-बोर्डचा एक तुकडा नव्हता, तो लावून होईपर्यंत तिथेच उभे राहिले. खाली आल्यावर त्यांनी टॅगवर तारीख घातली, पुढच्या तपासणीची तारीख सात दिवसांनंतरची लिहिली, आणि जोराचा वारा किंवा पाऊस झाला तर सात दिवसांची वाट न पाहता आधी तपासणी, असे बजावून सही केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्लंबर खालून ओरडला, "मॅडम, सहाव्यावरची एक फळी काढू का? दहा मिनिटांचं काम आहे." मामा तेव्हा चहाला गेले होते. मी त्याला थांबायला सांगितले. पकड घेऊन तो जिन्याखालच्या सिमेंटच्या गोणीवर बसला, आणि मामा खिशात तारेचे तुकडे घेऊन येईपर्यंत वीस मिनिटे बसून राहिला.