माडीवर वाय-फाय पोचवताना

आमचं घर वाईचं, कृष्णेच्या घाटापासून पाच मिनिटांवर. खालच्या भिंती काळ्या दगडाच्या, दोन-दोन फूट जाड, आणि वर विटांची माडी. पुण्याच्या ऑफिसचं काम घरून करायचं ठरवून मी इथे राहायला आले तेव्हा फायबरचं कनेक्शन आधीपासून होतं. तार रस्त्याच्या बाजूने आत येते म्हणून राऊटर ओसरीवर बसवलेला. माझी कामाची खोली मात्र माडीवर, मागच्या अंगाला. ओसरीवर बाबांचं कीर्तन यूट्यूबवर न अडखळता चालायचं आणि माडीवर माझी मीटिंग दर दहा मिनिटांनी तुटायची.

कंपनीच्या कस्टमर केअरला फोन केला. "मॅडम, प्लॅन वाढवून घ्या," असं उत्तर मिळालं. १०० एमबीपीएसचा प्लॅन २०० चा केला. माडीवर आधी तीन-चार यायचे, नंतरही तेवढेच.

तेव्हा बसून विचार केला. घरात येणारं इंटरनेट वेगळं आणि घरातल्या घरात ते फिरवणारं वाय-फाय वेगळं. आपण दोन्हीला 'नेट' म्हणतो, त्यामुळे बिघाड एकीकडे असतो आणि पैसे दुसरीकडे जातात. म्हणून लॅपटॉप ओसरीवर नेला, वाय-फाय बंद केलं, साधी लॅन केबल थेट राऊटरला लावली आणि स्पीड बघितला. पूर्ण २०० च्या आसपास. म्हणजे बाहेरची लाईन स्वच्छ होती. अडचण ओसरी आणि माडी यांच्या मधे होती. तक्रार करण्याआधी ही एक तपासणी प्रत्येकाने करावी असं मला कळकळीने वाटतं, त्यात दहा मिनिटंसुद्धा जात नाहीत.

मग फोनवर सिग्नल मोजणारं ॲप घेतलं आणि घरभर फिरले. ओसरीवर उणे ४२ डीबीएम (सिग्नलच्या ताकदीचं माप, शून्याच्या जितकं जवळ तितका सिग्नल जोरदार), माजघरात उणे ६७, माडीवर उणे ८४. आकडे दिसायला जवळजवळ वाटतात, पण हे माप वेगळ्या चालीचं आहे: दर १० ला ताकद दहा पटींनी घटते. ४२ चा फरक म्हणजे माडीवर पोचणारा सिग्नल ओसरीवरच्या पंधरा हजाराव्या हिश्श्याहूनही कमी. ५ गिगाहर्ट्‌झचं नेटवर्क, म्हणजे राऊटरच्या दोन रेडिओपट्ट्यांपैकी एक, तर वर दिसतच नव्हतं. ते वेगवान खरं, पण जाड भिंतीतून २.४ गिगाहर्ट्‌झ जितकं पार होतं तितकं ते होत नाही. आणि आमच्या भिंती तर दगडाच्या.

आधी सोपा उपाय केला, रिपीटर आणून जिन्याखाली लावला. फोनवर सिग्नलच्या सगळ्या कांड्या भरल्या, पण काम तसंच रखडत राहिलं. हा स्वस्तातला रिपीटर ज्या रेडिओवर ऐकतो त्याच रेडिओवर पुढे बोलतो, त्यामुळे निम्मा वेळ ऐकण्यात जातो. शिवाय जिन्याखाली सिग्नल मुळातच अशक्त होता. अशक्त सिग्नल जोरात पुढे पाठवला म्हणून त्यातला वेग वाढत नाही. रिपीटर परत केला आणि वायर ओढायचं ठरवलं.

साताऱ्याला जाऊन कॅट-६ केबल, म्हणजे गिगाबिटला चालणारी लॅन केबल, घेतली, तीस मीटर. दुकानदाराने दोन बंडलं पुढे ठेवली, एक जवळजवळ निम्म्या किमतीचं. "ताई, ब्लेडने खरवडून बघा," तो म्हणाला. आतल्या बारीक तारेवर ब्लेडचं टोक घासलं. स्वस्त तारेचा लालसर रंग निघून आला आणि खाली पांढरी चकाकी दिसली. ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा. दुसरी तार आतपर्यंत लाल. मी दुसरी घेतली. घरात एकदा खिळून टाकायची वस्तू आहे, तिथे हात आखडायचा नाही.

केबल ओसरीवरून तुळईच्या कडेने, जिन्याच्या बाजूने वर नेली. भिंतीला भोक पाडावंच लागलं नाही, जुन्या दिव्याच्या वायरीची वाट होती. टोकांना कनेक्टर बसवायचं काम मी आणि बाबांनी रात्री कंदिलाएवढ्या टेबललॅम्पच्या उजेडात केलं. आठ तारा, क्रम ठरलेला: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. बाबा चष्मा कपाळावर चढवून एकेक रंग मोठ्याने म्हणत होते आणि मी पीळ सोडवून तारा ओळीत लावत होते. हिरव्या जोडीच्या मधोमध निळी जोडी येते, तिथे हात चुकतो. "अगं, हिरवा आत्ता नको, आधी निळा," असं त्यांनी मला दोनदा थांबवलं.

वायर लावली, दिवा लागला, आनंद झाला. स्पीड बघितला तर ९४. पुन्हा बघितला, ९४. वाय-फायचा आकडा सारखा हलतो, वायरवर तो असा एकाच जागी अडकला की काहीतरी सांगत असतो. १०० च्या जोडणीला दोनच जोड्या पुरतात, नारिंगी आणि हिरवी. गिगाबिटला, म्हणजे १००० एमबीपीएसला, चारही लागतात. गल्लीतल्या केबलवाल्या मुलाकडून टेस्टर आणला. एकेक दिवा लागत गेला आणि आठवा लागलाच नाही. कनेक्टर उजेडात धरला तर तपकिरी तार टोकापर्यंत पोचलीच नव्हती, सुतभर मागे राहिली होती. टोक कापून नवीन कनेक्टर बसवला.

वर आमचाच एक जुना राऊटर लावला आणि नवा घोळ सुरू झाला. फोन वाय-फायला जोडला जायचा, पण इंटरनेट नाही. कधी आईचा चालायचा, माझा नाही. खालचा प्रिंटर मधेच गायब. कारण असं की दोन्ही राऊटरचा पत्ता एकच, १९२.१६८.१.१, आणि दोन्ही आपापल्या परीने फोनांना पत्ते वाटत होते. त्या वाटपाला डीएचसीपी म्हणतात. पंगतीत पाट दाखवणारा माणूस एकच असावा लागतो. दोघांनी दाखवायला घेतलं की एकाच पाटावर दोन पाहुणे येतात आणि कुणाला भलत्याच पंगतीत बसवलं जातं.

वरचा राऊटर वायरीतून सोडवला, लॅपटॉप एकट्या त्यालाच जोडला, त्याचा पत्ता १९२.१६८.१.२ केला आणि डीएचसीपी बंद केलं. मग खालून आलेली केबल वॅनच्या, म्हणजे बाहेरचं इंटरनेट घेणाऱ्या, वेगळ्या रंगाच्या भोकात न लावता साध्या लॅनच्या भोकात लावली. वॅनमध्ये लावली असती तर वर वेगळंच नेटवर्क तयार झालं असतं आणि माडीवरून प्रिंटर सापडला नसता. ही शेवटची गोष्ट सगळ्यात महत्त्वाची, आणि जुना राऊटर असा वापरताना नेमकी तीच राहून जाते.

नाव आणि पासवर्ड दोन्हीकडे एकच ठेवले. २.४ साठी खाली चॅनेल १, वर ११, कारण आजूबाजूची बहुतेक घरं ६ वर होती आणि १, ६, ११ हीच एकमेकांवर चढत नाहीत. डब्यावर छापून आलेला ॲडमिनचा पासवर्ड बदलला, डब्ल्यूपीएस, म्हणजे पासवर्ड न टाकता बटण किंवा पिनने जोडायची सोय, बंद केलं.

आता माडीवर उणे ४५ दिसतात. दोन्ही टोकांना मी कागदी पट्ट्या चिकटवल्या आहेत, 'ओसरी' आणि 'माडी', आणि वरच्या राऊटरच्या पाठीवर त्याचा पत्ता लिहून ठेवला आहे. परसात विहिरीजवळ अजून उणे ७८ आहेत. आई संध्याकाळी तिथे बसून ताईला व्हिडिओ कॉल लावते, तेव्हा चित्र थांबतं. तिकडे जायला जुनी वाट नाही, दगडच फोडावा लागेल. पावसाळा संपला की गवंड्याला विचारायचं बाबांनी कबूल केलंय.