गॅरेजमधलं खत : नववा आठवडा

मंडळी, घरच्या ओल्या कचऱ्याच्या खताचा पहिला ड्रम परवा गळ्यापर्यंत भरला. आता तो दिवाळीपर्यंत मुरू द्यायचा. दुसरा सुरू केलाय.

ड्रममधून घाण वास येतोय असं गेल्या वेळी लिहिलं होतं, त्याचं कारण सापडलं. पावसात पालापाचोळा भिजला म्हणून मी नुसता ओला कचरा टाकत गेलो. तळाशी काळा, चिकट थर बसला होता. खुरपं घातलं आणि सडक्या अंड्यासारखी घाण सुटली. हवा खेळली नाही की हेच होतं. सुताराकडून लाकडाचा भुसा आणला (प्लायचा नको, त्यात डिंक आणि रसायनं असतात), पुठ्ठ्याचे तुकडे केले आणि ओल्या कचऱ्याच्या एका डब्याला दोन डबे कोरडं या मापाने थर दिले. चौथ्या दिवशी वास गेला. मुठीत दाबलं तर एखादाच थेंब निघावा, एवढाच ओलावा हवा.

सकाळी गॅरेजच्या फरशीवर तपकिरी अळ्या रांगेने चाललेल्या दिसल्या. घरचे घाबरले. या 'ब्लॅक सोल्जर फ्लाय'च्या अळ्या. वाढ पूर्ण झाली की कोशात जायला कोरडी जागा शोधत ड्रमबाहेर चढतात. ही माशी चावत नाही. अळ्या कचरा झपाट्याने फस्त करतात, पण बाहेर पडलेल्यांना कोरडी जागा हवी असते, म्हणून मी त्यांना परत ड्रममध्ये न टाकता बागेत सोडतो.

खरी काळजी उंदरांची. हवेच्या एका भोकाची कड कुरतडलेली दिसली. सगळ्या भोकांना आतून बारीक लोखंडी जाळी लावली, ड्रम विटांवर चढवला. लेंड्या मात्र कोरड्या झाडू नका. हातमोजे घालून आधी ब्लीचचं पाणी शिंपडा, मग पुसा. उंदराच्या मुतातून लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस हा तापाचा आजार) होतो, आणि पावसाळ्यात गॅरेजच्या ओल्या फरशीवर आपण अनवाणी वावरतो.

ड्रम हलवताना कोपऱ्यात थिनरचा अर्धा डबा आणि बाटलीतलं जुनं पेट्रोल निघालं, तेही स्कूटरच्या चार्जरजवळ! पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, जमिनीलगत पसरते. बंद शटरआड एक ठिणगी पुरते. दोन्ही त्याच दिवशी तिथून हलवली. असलं काही मोरीत ओतू नका आणि घंटागाडीतही मुकाट्याने टाकू नका. घरगुती घातक कचरा म्हणून वेगळा द्या.

आमच्या कचरा नेणाऱ्या ताईंचं बोट फुटक्या काचेने कापलं होतं. तेव्हापासून काच जाड कागदात गुंडाळून वर 'काच' लिहितो, सॅनिटरी पॅडच्या पुडीवर लाल ठिपका काढतो.

पुढच्या आठवड्यात दुसऱ्या ड्रमला खालून नळ बसवायचाय. बसवलेला असेल तर फोटो टाका.